हेरिंगवालीची आरोळी

एडिंबरा,
४ नोव्हेंबर १८५८

प्रिय ग्रिझेलताईस,

निनियनचा सप्रेम नमस्कार. तुझी ओटची बिस्किटं पोचली, निम्मी फस्तही झाली. भावजींचा खोकला कसा आहे? छातीला फ्लॅनेल बांधायला सांग आणि त्यांचा पाइप लपवून ठेव.

ताई, आज माझा वर्ग सुरू झाला! छातीच्या रोगांचा, माझ्या स्वतःच्या नावाचा! बाबांच्या हातमागाच्या धुळीत वाढलेला मी, आणि समोर खच्चून भरलेले बाक.

इथली पोरं कशी आहेत ते तुला ठाऊकच आहे. मास्तर आवडला तर बुटांनी जमीन दणाणून सोडतात. नाही आवडला तर तेच बूट जमिनीवर खर्रखर्र घासतात, आणि मग तो बिचारा पुढच्या आठवड्यात रिकाम्या बाकांना शिकवतो.

मागच्या प्रत्येक पत्रात तू विचारलंस, तापानंतर कान कसे आहेत. मी आपला हवापाण्याचं लिहीत राहिलो.

तर आज तपासायला होती न्यूहेवन बंदरावरची, हेरिंग मासे विकणारी एफी फ्लकर. तिच्या छातीला नळी लावून कान टेकवला. काही नाही. दुसरा कान. काहीच नाही. वाटलं होतं, नळीतून तरी थोडं येईल. माझा मदतनीस टुलक टक लावून बघत होता. एफीने मान वळवली. तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले.

"दोनदा सांगितलं, डाव्या बाजूला दुखतंय! बिघडलंय काय डॉक्टर, माझी छाती की तुमचे कान?"

बाकांवरची पोरं खदाखदा हसली. आणि मला एकदम आठवलं, खाली बाबा माग चालवायचे तेव्हा आपण माळ्यावर पालथे पडून फळ्यांच्या थरथरीवरून त्यांचा राग ओळखायचो! मी दोन्ही तळहात एफीच्या पाठीवर ठेवले.

"बाई, बाजारात देता तशी आरोळी द्या."

तिने पुन्हा मान वळवली. "इथं? ह्यांच्यातला एक तरी हेरिंग घेणार आहे का?"

"द्या हो!"

तिने दिली. उजवीकडे तळहाताला मुंग्या आल्या. डावीकडे खाली मात्र ठार मुकं. तिथेच पाणी साठलं होतं! सुई घातली तर पिवळं पाणी भांडंभर निघालं. एफीने ऊरभर श्वास घेतला.

तिथेच थांबता आलं असतं. पण मी वळून म्हणालो, "सज्जनहो, मी बहिरा झालोय. ऐकायला टुलक शिकवतील, हातांनी ओळखायला मी शिकवीन. पटत नसेल तर आत्ताच सांगा."

कुणाचे ओठ हलेनात. संपलं सगळं, म्हणून मी खाली मान घालून कागद गोळा करू लागलो. आणि ताई, बुटांतून काहीतरी गुडघ्यांपर्यंत चढलं! घासणं नव्हे गं. मेजावरची दौत नाचत होती. मी पोरांसमोर ढसाढसा रडलो.

नव्या वर्षाला नक्की ये. दार वाजवू नकोस, हाका मारू नकोस. लहानपणीसारखी धाडधाड पाय आपटत जिना चढ. मला कळेल, ताई आली.

तुझा, आजपासून मास्तर झालेला,
निनियन