तळ्याखालच्या सहा खोल्या

मी, कोंडाजी भिवा शेळकंदे, वय ७४, शेतकरी व भोसरीच्या कारखान्यातला निवृत्त टर्नर, राहणार वाघजाईवाडी, तालुका खेड, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणी न शिकवता लिहून ठेवतो की, माझ्या मागे मिळकतीची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडला आहे. मुलाला शंका आहे म्हणून.

१. राहतं घर व बँकेतली ठेव मुलगी तनुजा हिला. रहाटणीहून दर रविवारी येऊन माझं ऐकून घेणारी ती एकटीच.

२. कारखान्याची माझी हत्यारं भाचा गणराज याला. त्याने ती कुणाला उसनी देऊ नयेत. मी दिली होती, निम्मी परत आली नाहीत.

३. तळ्याखालची दीड एकर जमीन व तिच्यावरच्या पर्यटकांच्या सहा खोल्या मुलगा ज्ञानेश याला. अट एकच: गावतळ्याचा बांध दुरुस्त होईपर्यंत खोल्या रिकाम्या ठेवाव्यात.

मृगाआधी घरटी एक पाटी माती बांधावर टाकायची आमची रीत. पर्यटक आले, पिठलं-भाकरीला भाव आला, पोरांनी कंपनीची नोकरी सोडली. खोटं कशाला बोलू, गावाची पोटं त्यावरच भरतात. पण ऐन मृगाच्या तोंडावर गर्दी सुरू होते, मातीला सवड कुणाला? सात वर्षांत एक पाटी पडली नाही. उलट ज्ञानेशने खोल्यांसमोर खोटा धबधबा केला, त्याला बांधाचे दगड काढले. कुठले सहज निघतील ते मीच दाखवलं. हा गुन्हा माझा.

बांधातून निवळ पाणी झिरपलं तर भिऊ नये. गढूळ आलं तर आतली माती वाहतेय, बांध फुटायला आला, असं वडील सांगत. परवा गढूळ आलं. ज्ञानेशला ओंजळीत धरून दाखवलं.

"आबा, एवढा सीझन जाऊ द्या. बुकिंग जोरात हाय."

"पाणी बुकिंग बघून येत न्हाई," मी म्हणालो. तो हसला. मला संताप आला आणि भीतीही वाटली.

४. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होतं, असं वकील म्हणाले. तोवर खोल्या करारानं ज्ञानेशच्याच ताब्यात, भरलेल्याच राहणार. म्हणून बांधालगतची पहिली खोली मी पूर्ण पावसाळ्यासाठी घेतली आहे, भाडं आगाऊ भरलं आहे. उद्या सकाळी राहायला जातो. परक्यांच्या लेकरांसाठी ज्ञानेश खोल्या रिकाम्या करत नाही. बापासाठी करतो का ते बघू.

लिहून देणार: कोंडाजी भिवा शेळकंदे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. बन्सी दादासाहेब गाडे (सही)
२. मंजुळाबाई गाडे (अंगठा)

वाघजाईवाडी, शुक्रवार, २० जून २०२५. पाऊस चालू.