मेरोपी नावाच्या सगळ्याजणी

४ नोव्हेंबर १९८५

माझं नाव नको म्हणे! सून म्हणाली. जेवताना, मी घास चावत असताना! नात सात महिन्यांची झाली, चोवीस तारखेला बाप्तिस्मा, आणि बाईसाहेबांना नाव ठेवायचंय मिर्सिनी. झुडपाचं नाव! उद्या बकरीने खाल्लं म्हणजे?

मुलाची पहिली मुलगी, तिला आजीचं नाव, म्हणजे माझं, मेरोपी. आमच्या खिओस बेटावर ही विचारायची गोष्टच नाही. इसिडोरोसला म्हटलं, तू बोल तिला. "तुम्ही दोघी ठरवा, आई." आमचं गाढवसुद्धा माझ्या मुलापेक्षा लवकर हो-नाही सांगतं.

७ नोव्हेंबर

सून थालिया शाळेत शिकवते ना, म्हणून तिच्यापाशी पुस्तक आहे. मी अंगणात मस्तकीच्या डिंकाचे खडे सुरीने खरवडत बसलेली, तर समोर येऊन वाचायलाच लागली. जुन्या काळातल्या मेरोपी!

एक इथलीच, आमच्या बेटाच्या राजाची पोर. एक शिकारी दारू पिऊन तिच्या अंगावर गेला. बापाने त्याचे डोळे काढले. पुढे त्याला डोळे परत मिळाले, वर आकाशात जागाही मिळाली. आणि पोरीचं काय झालं? "ते लिहिलेलं नाही, आई." लिहिलेलं नाही!

दुसरी कृत्तिकांमधली. बहिणींना देव मिळाले, हिला माणूस. त्या लाजेने अंधुक झाली. तिसरी राणी. दुसऱ्याचं पोर पोटच्यासारखं वाढवलं, ते एक दिवस घर सोडून गेलं. चौथी भावासाठी रडून रडून झाड झाली.

"यातली एक तरी सुखी आहे का, आई?"

म्हटलं, "गावात नऊ मारिया आहेत. एकीचं पोट बिघडलं की नऊ जणींना काढा पाजतेस का? नाव एक असलं म्हणून बाया एक होत नाहीत!"

पुस्तक मिटलं तिने. मी जिंकले. पण सुरी बोटात घुसली.

८ नोव्हेंबर

बोट ठणकतंय. तिच्यामुळेच.

११ नोव्हेंबर

देस्पिनाकडे गेले. पोरीची धर्ममाता तीच होणार. पाद्री नाव विचारतो ते धर्ममातेला, आईबापाला नाही. ती बोलेल ते नाव. एकदा पाण्यात बुडवून काढली पोर की देवालाही पुसता यायचं नाही.

"मेरोपी म्हण," मी सांगितलं. "थालिया काही का सांगेना."

"अगं, मला नरकात धाडतेस!"

"जा की. नवरा तिथे वाटच बघतोय तुझी."

हसली मेली. हो म्हणाली.

१२ नोव्हेंबर

ठरलं म्हणजे ठरलं. आता हवं तेवढं वाच म्हणावं.

१६ नोव्हेंबर

दफनभूमीत दिवे लावायला गेले. बोट बांधलेलं, म्हणून तेलाची बाटली धरायला थालिया आली. मास्तरीणबाई — प्रत्येक दगड वाचणार! माझ्या आईबापाशेजारच्या लहान दगडापाशी थांबली. "मेरोपी. वय दोन वर्षं." मग माझ्याकडे बघितलं. "आई, हे...?"

"बहीण. माझ्या आधीची."

ती तापाने गेली, सहा महिन्यांनी मी आले. आजीचं नाव रिकामं राहू नये म्हणून तेच मला चढवलं. झगा चढवतात तसं. तिचे झगेही चढवलेच! आई 'मेरोपी' म्हणून हाक मारायची आणि बघायची माझ्या मागे.

आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हिलाच का सांगितलं? स्वतःच्या जिभेचा राग आला.

१९ नोव्हेंबर

"आई, मेरोपीच ठेवू," म्हणाली आज. भिकाऱ्याला तुकडा देतात तसा चेहरा करून!

"मला दया नको तुझी!" ओरडले. पोर रडायला लागली.

"मग हवंय तरी काय तुम्हाला?" तीही ओरडली. चार वर्षांत पहिल्यांदा! बरं झालं. मला वाटलं होतं, अथेन्सच्या पोरींना घसाच नसतो.

काय हवंय? एवढंच हवं होतं — कुणाला तरी माझ्यावरून नाव. आजीवरून नाही, मेलेल्या बहिणीवरून नाही. माझ्या एकटीवरून! चौऱ्याहत्तर वर्षं दुसरीचं अंगावर वागवलं. एकदा तरी ते माझं झालं असतं.

दुपारी पोर माझ्या मांडीवर होती. घरात कुणी नव्हतं. हळूच हाक मारून पाहिली: मेरोपी. ती खुशाल माझं नाक ओढत होती. आणि मला तो दगड दिसला! पोर समोर हसतेय आणि मला दगड दिसतोय! आई अशीच बघायची का माझ्याकडे? दैवाने काय लिहून ठेवलंय आमच्या घराण्याच्या कपाळी!

२१ नोव्हेंबर

ती माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी नाही. इसिडोरोस दोघींच्या मध्ये बसून दोघींनी वेगवेगळं मीठ घातलेलं खारट सूप प्यायला. चांगलं झालं म्हणाला. गाढव!

२३ नोव्हेंबर

देस्पिनाला सांगून आले: उद्या मिर्सिनी म्हण. थालियाला कळायचं तेव्हा कळेल. चर्चच्या दारात बायका तिलाच धरणार — सासूचं नाव का टाकलंस म्हणून. तिने तोंड उघडायचं नाही. इसिडोरोसने तर नाहीच. ज्या कुणाला विचारायचंय तिने मला विचारायचं. उत्तर मी देणार.