बावीस वर्षं आणि तीस प्रश्न

१ मार्च, सकाळी ८.४०
लायसन्स ऑफिसचं पत्र आलं. माझा खासगी टॅक्सीचा परवाना ३१ मार्चला दुपारी बारा वाजता संपतो. हे माहीत होतं. यंदापासून नूतनीकरणासाठी रस्त्यांची परीक्षा सक्तीची. हे माहीत नव्हतं. तीस प्रश्न, पास व्हायला चोवीस, मोबाइल बाहेर ठेवायचा. जुन्या ड्रायव्हरांनाही सूट नाही.
बावीस वर्षं या शहरात गाडी चालवतोय. सगळं शहर डोक्यात आहे. मी धंद्यात आलो तेव्हा माझा परीक्षक दप्तर पाठीला लावून शाळेत जात असेल. आधी हसू आलं, मग राग.
सोबत अभ्यासाचं पुस्तक पाठवलंय, दोनशे बारा पानांचं. बायकोने विचारलं, हे कुठे ठेवू? म्हटलं, जेवणाचं टेबल डुगडुगतंय, त्याच्या पायाखाली.
संकल्प: पुस्तक उघडायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

३ मार्च
पेट्रोल पंपाच्या मागे आम्हा खासगी टॅक्सीवाल्यांची मीटिंग. रस्त्यात गाडी लावून गिऱ्हाइकाची वाट बघायला आम्हाला बंदी, तो हक्क स्टँडवाल्या टॅक्सींचा. म्हणून आम्ही हवा भरायच्या मशीनपाशी थांबतो. मालकाने हटकू नये म्हणून आळीपाळीने हवा भरतो. शहरात सर्वांत टणक टायर आमचे असतील.
मी भाषण केलं. परीक्षेवर बहिष्कार! सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यातल्याच लांबूने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, आणि अध्यक्षांचाच परवाना संपला तर? हिला चळवळ कळत नाही.

५ मार्च
ऑफिसात लेखी तक्रार द्यायला गेलो. खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, फॉर्म भरा. भरला. रकाना क्रमांक नऊ: परीक्षेचा निकाल क्रमांक. म्हटलं, परीक्षेविरुद्धच तक्रार आहे, निकाल कुठून आणू? म्हणाल्या, परीक्षा द्या, निकाल मिळेल. म्हटलं, मग तक्रार कशाला करू? म्हणाल्या, तेच तर.
बाईंना मुद्दा पटला होता. नोकरीपायी बोलता येत नव्हतं.

९ मार्च, दुपारी
बाजारात सिग्नलला एका गृहस्थांनी हात केला. हातात दोन पिशव्या. आम्हाला हात दाखवलेलं गिऱ्हाईक घेता येत नाही, आधी कंपनीत बुकिंग लागतं. काच खाली करून म्हटलं, साहेब, कंपनीला फोन करा, मी इथेच आहे. त्यांनी पिशव्या खाली ठेवून फोन केला. मी बाजूला थांबलो. बुकिंग लांबूला गेलं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. वीस मिनिटं ते गृहस्थ फुटपाथवरून माझ्याकडे आणि मी गाडीतून त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी उतरून टायरमधल्या हवेचा दाब तपासल्यासारखं केलं.

१२ मार्च
परीक्षेला गेलो. द्यायला नव्हे, विरोधकांची तयारी पाहायला. पण नाव नोंदवल्याशिवाय आत सोडत नव्हते. टोपी डोळ्यांवर ओढून गेलो. आत अख्खा बहिष्कार बसलेला! लांबू म्हणाला, मीही बघायलाच आलोय. त्याच्या हातात चार रंगांची पेनं होती.
निकाल: तीसपैकी अकरा. प्रश्न चुकीचे होते. रस्त्यांची नावं विचारतात. रस्त्याला नावाने कोण ओळखतं? मी ओळखतो ‘फोन म्हणेल तिथे उजवीकडे’ असा. म्हणजे, फोन नुसता सोबतीला असतो.
लांबूला सत्तावीस. पेनांचा परिणाम.

१६ मार्च
आजपासून फोन बंद ठेवून गाडी चालवायची. सराव नव्हे, नुसती खातरजमा.
पहिलंच बुकिंग: गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या आजी, दवाखान्यात जायचं. मी आत्मविश्वासाने निघालो. दोनदा तीच शाळा लागली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा आजी म्हणाल्या, बाळा, आता डावीकडे घे. मग शेवटपर्यंत त्यांनीच सांगितलं. उतरताना मी चुकून त्यांचे आभार मानले. एकूण बरं जमलं.

२० मार्च
दुसरा प्रयत्न. अक्षराचा त्रास सांगून तोंडी परीक्षा मागितली. बोलण्यात मला कोणी हरवू शकत नाही.
प्रश्न: बाजारातून मोठ्या हॉस्पिटलात कसे जाल? हा मला येत होता! म्हटलं, पेट्रोल पंपाच्या पुढच्या गेटने आत शिरायचं, मागच्या गेटने बाहेर, सिग्नल वाचतो. मग वन-वेमध्ये उलटं फक्त वीस पावलं, दुपारी तिथे पोलीस जेवायला गेलेले असतात. सात मिनिटं वाचतात. परीक्षक भराभर लिहून घेत होते. विचारलं, असं किती वेळा जाता? म्हटलं, रोज! ते इतके प्रभावित झाले की मी आणखी तीन रस्ते सांगितले.

२१ मार्च
नापास. वर चार नियमभंगांची ताकीद, खाली माझीच सही. काल ‘जबाब वाचला’ म्हणून घेतली होती. मला वाटलं, पाहुण्यांच्या वहीत अभिप्राय घेताहेत.
हिला सांगितलं, निकाल राखून ठेवलाय.

२५ मार्च
पुस्तक टेबलाखालून काढलं. टेबल डुगडुगायला लागलं, हिची आमटी सांडली, पहिली सोळा पानं चिकटली. म्हणजे सतरापासून सुरुवात. तीन पानं वाचली. रोज पस्तीस केली तर आरामात होईल. उद्यापासून.

२९ मार्च
उद्यापासून.

३१ मार्च, दुपारी ३.३५
तिसरा प्रयत्न. बावीस गुण! दोन कमी पडले. ते पहिल्या सोळा पानांत असणार.
निकाल बारा वाजून दहा मिनिटांनी लागला. किल्ली काढली तर खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, आता ही गाडी तुम्हाला चालवता येणार नाही. म्हटलं, गिऱ्हाईक घेत नाही, नुसता घरी जातो. म्हणाल्या, टॅक्सीची पाटी लागलेली गाडी परवानाधारकच चालवणार, भाजी आणायलासुद्धा दुसरा कोणी नाही. मग पाटी काढा म्हटलं. पाटी काढायच्या अर्जावर चालू परवान्याचा नंबर लागतो.
पुढची परीक्षा २४ एप्रिलला. तोवर गाडी ऑफिसच्या आवारात राहू द्या म्हणाल्या. चांगली बाई आहे.
बसने घरी आलो. हिला म्हटलं, गाडी सर्व्हिसिंगला. खरं सांगायला तोंड उघडलं होतं. भीती वाटली. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटलं.

१ एप्रिल
नेहमीसारखा आठला निघालो. ही म्हणाली, गाडी नाही ना? म्हटलं, गॅरेजमधून थेट कामावर जातो. दोन बस बदलून ऑफिसच्या आवारात आलो, माझ्या गाडीत, माझ्या सीटवर बसलो. अभ्यासाला इतकी शांत जागा शहरात नाही. पुस्तक घरी राहिलं.

४ एप्रिल
आरसे पुसले. सीट पुढे घेतली, मागे घेतली. दुपारी एकाने काचेवर टकटक करून विचारलं, रिकामी आहे का? म्हटलं, बुकिंग आहे. बरं वाटलं.

८ एप्रिल
सहाला परत. ही विचारते, आज कुठे कुठे गेलात? मी सांगतो, विमानतळ, दोन हॉस्पिटलं, एक लग्नाचं वऱ्हाड. सांगता सांगता खरंच दमतो. ती ऐकते. माझ्यावर विश्वास आहे तिचा.
सगळं ताब्यात आहे.

११ एप्रिल, दुपारी १.१५
काचेवर टकटक. न बघताच म्हटलं, बुकिंग आहे. पुन्हा टकटक. ही होती. हातात डबा, काखेत पुस्तक.
दार उघडून शेजारी बसली. चार दिवसांत एकही बुकिंग का घेतलं नाही, म्हणून कंपनीतल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात घरी फोन केला होता. मग हिने ऑफिसात फोन लावला, खिडकीवाल्या बाईंनी सगळं सांगितलं. म्हणजे वऱ्हाडाची गोष्ट तिने सगळं ठाऊक असताना ऐकली. मी बोलायला लागलो, की नियमच असे आहेत, की परीक्षकाने माझ्यावर डूख धरलाय, की बावीस वर्षं... ती म्हणाली, आधी जेवा.
जेवलो. मग तिने पुस्तक उघडलं. चिकटलेली पानं वाफेवर धरून सोडवली होती तिने, एकही फाटलं नव्हतं. म्हणाली, सोप्यापासून सुरू करू. दहा दिवस जिथे येऊन बसताय, हे ऑफिस कुठल्या रस्त्यावर आहे?
मी काचेतून बाहेर पाहिलं. समोर भिंत, झाड, उभी सायकल. रस्त्याच्या नावाची पाटी कुठेच नव्हती. ती थांबली होती.
म्हटलं, माहीत नाही.