डोळे शेवटी

६ जानेवारी, सोमवार. मोरबी.

आलो एकदाचा गुजरातेत. भातकुलीहून अमरावती, तिथून गाड्या बदलत इथवर पोचेपर्यंत अंगाचा भुगा झाला, पण मन एकदम खुश. टाइल्सचा कारखाना आहे. माह्यं काम नजरेचं. भट्टीतून निघालेल्या टाइल्स पट्ट्यावरून समोर येतात, तडा दिसला की बाजूले काढायची. सुपरवायझर पहिल्याच दिवशी म्हणे, तेरी आंख अच्छी है. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाले असं कोणी म्हणत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

ही डायरी क्लार्कनं दिली, मागल्या सालची. वार खोडून लिहून राहिलो.

आधी पुण्यात हॉटेलात तीन महिने टिकलो, मग सुरतेत दोन. कुठं बूड टेकत नाही माह्यं. निघताना माय वच्छलाकाकूसमोर म्हणे, धर्म्या, यावेळी तरी टिकजो बापा, नाहीतर लोक म्हणतील जमुनेले पोरगं नाही, भोवरा झाला. वच्छलाकाकू शेजारची, मायची जिवाची. ती लगेच म्हणे, भोवरा बी दोरी संपली की थांबते वं. दोघी हसल्या. मी बी हसलो.

१२ जानेवारी, रविवार.

मोबाइलवर एक ग्रुप सापडला, 'वऱ्हाड चित्रकट्टा'. दोनशे सोळा लोक, सगळे अमरावती-अकोल्याकडचे, काही माह्यासारखे बाहेर पडलेले. रोज कोणी ना कोणी चित्र टाकते अन् खाली मनातलं चार ओळी लिहिते. अकोल्याची नगमा म्हणून आहे, लग्न होऊन नांदेडले गेली. तिनं तिच्या अब्बाचा चेहरा टाकला होता, खाली लिहिलं की चहात बिस्कुट बुडवताना अजून दोन कप भरते. दोनदा वाचलं. आपल्यासारखंच बोलतात हे लोक. घराची आठवण येते म्हणायले इथं कोणी लाजत नाही.

ग्रुपचे मोठे म्हणजे बाळापूरचे खुशालराव. अठ्ठ्याहत्तर वय, जन्मभर दुकानाच्या पाट्या अन् माणसांचे चेहरे रंगवले. त्यांची रीत अशी: चेहरा घरच्यानं काढायचा, डोळे मोकळे सोडायचे, कागद टपालानं बाळापूरले पाठवायचा. डोळे शेवटी, अन् ते खुशालरावच घालतात. मग कागद सव्वा महिना त्यांच्या भिंतीवर राहते, मग घरी येते. काहून, ते विचारलं नाही. मोठ्या माणसाची रीत असते. मले डोळे कधीच जमले नाहीत, त्यामुळं मले तर सोन्यासारखी वाटली.

२६ जानेवारी, रविवार.

मायचा चेहरा झाला. टाइल्सच्या खोक्यात कोरा जाड कागद येते, त्यावर काढला. कपाळावरच्या आठ्या, नाकातली चमकी, हनवटीवरचा गोंदणाचा ठिपका, सगळं बसलं. डोळे सोडले. ग्रुपवर फोटो टाकला अन् खाली लिहिलं, "माय, तू जवळ नाहीस तर भाकरीले चव नाही. तुह्यं सगळं आठवते, डोळे मात्र आठवत नाहीत."

एकशे चाळीस लोकांनी हात जोडले. एवढे हात तर देवापुढं जोडत नाहीत लोक! खुशालराव मोबाइलवर बोलून पाठवतात, त्यांचा आवाज आला, पाठव बापा, चांगले डोळे घालतो मायचे. उद्याच टपालात टाकतो. एकाच लिफाफ्यात माह्या स्वतःचा चेहरा बी ठेवला, आरशात पाहून काढलेला. त्याले बी डोळे नाहीत. घरी माय-लेकाची जोडी लावीन म्हटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी खुशालरावांचा फोटो आला. कामावरून उठून संडासात जाऊन पाहिला. मायच! डाव्या पापणीचा खालचा झोल सुद्धा आहे, जो मले बी सांगता आला नसता. कधी न पाहिलेल्या बाईचे डोळे म्हातारा कसे काढते? मायले आताच सांगत नाही. कागद घरी आला की दाखवीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

वच्छलाकाकूचा फोन. माय काल सकाळी तूर निवडत होती, सूप हातात होतं, अन् एकदम म्हणे वच्छले, लाइट गेली काय? भर उन्हात अंगणात बसून. तेव्हापासून दिसत नाही. काकू म्हणे, दहाचा सुमार असंल.

योगायोग असतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

काकूनं मायले अमरावतीले नेलं. डोळ्याच्या डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिलं. मोतीबिंदू नाही, पडदा साबूत, नस साबूत. म्हणे मावशी, तुमचे डोळे माह्यापेक्षा चांगले आहेत. माय त्याले म्हणे, मग तुमीच घेऊन टाका बापा, मले काही कामाचे नाहीत. काकू सांगताना हसली अन् हसता हसताच रडली.

ग्रुपवर लिहिलं की मायच्या डोळ्यांसाठी दुआ करा. नगमाचा वेगळा मेसेज आला. भाई, समजलं नाही. अम्मी गुजरून किती दिवस झाले?

८ फेब्रुवारी, शनिवार.

कामाले गेलो नाही. ग्रुपवर वर वर सरकवत पार पहिल्या दिवसापर्यंत गेलो. नगमाचे अब्बा दोन वर्षांपूर्वी वारले. कोणाचा भाऊ, कोणाची बायको, कोणाचं तीन वर्षांचं लेकरू. खुशालरावांनी जन्मभर तेरवीचे फोटो रंगवले. डोळे घातले की गेलेल्याची नजर कागदात बसते, भिंतीवर सव्वा महिन्यात मुरते, मग त्याले घर सुटत नाही. त्यासाठीच हा ग्रुप. सगळ्यांले माहीत होतं. ते जोडलेले हात माह्या चित्राले नव्हते. मायले होते.

मी जिवंत माणसाचा कागद पाठवला.

लिहून टाकलं, माह्यी माय जिवंत आहे. एकजण म्हणे, गेलेल्यांची थट्टा करतो काय रे हरामखोरा. दुपारून मले ग्रुपातून काढलं.

९ फेब्रुवारी, रविवार.

खुशालरावांले तीस फोन केले. नगमा म्हणते त्यांचे कान पार गेलेले, बारीक अक्षर दिसत नाही, ते फक्त फोटो पाहतात. काकूनं काढलेला मायचा हसतानाचा फोटो त्यांले पाठवला, मागं आमची गाय, हातात आजचा पेपर. त्यांचा आवाज आला, प्रेमानं, फोटो कायले पाठवतो बापा, डोळे तर घालून झाले.

नगमाले फोनवर विचारलं, कागद आणून डोळे पुसून टाकू काय? ती ओरडली. पुसलेली नजर कुठं जाते हे तुले माहीत हाय काय?

१० फेब्रुवारी.

मायचा फोन. आवाज वेगळा. म्हणते, दिसून राहिलं रे. पण घर नाही दिसत. एक खोली दिसते, निळा चुना, वर पत्रा. एक म्हातारा दाराकडं पाठ करून बसला, ब्रश तोंडानं ओला करते. अन् सगळ्या भिंतींवर माणसं. हलत नाहीत. सगळे पाहतात मात्र.

डोळे मिटले तरी दिसते म्हणे. झोप नाही तिले. म्हणते, धर्म्या, मी मेली असन तर सांग, मी घाबरणार नाही.

नाही वं माय. नाही.

नगमाले विचारलं, लिफाफ्यातल्या दुसऱ्या कागदाचं काय. म्हणे, एका घरचे दोन असले तर ते मधे दहा दिवस जाऊ देतात. मग दुसरा घेतात. सकाळीच.

तीन अन् दहा, तेरा.

११ फेब्रुवारी.

सुट्टी मागितली नाही. निघालो. नोकरी गेली समजा. सुरत, मग भुसावळ, अकोला. पोचन. आधी मायचा कागद घेईन, पुसणार नाही, घरी चुलीपुढं लावीन. निदान घर तरी दिसंल तिले. भाकर दिसंल. काकू दिसंल.

१२.

गाडी थांबून थांबून चालते. पाणी प्यावंसं वाटत नाही. माय दर तासाले फोन करते, घाबरून. आता सगळ्यांची ओळख झाली म्हणते. डावीकडं एक लेकरू आहे, त्याच्याकडं पाहत बसते, त्याचं मन रमावं म्हणून.

१३. बाळापूर.

साडेनऊ. खुशालरावांचा ओटा. आतून कडी. आत रेडिओ मोठ्यानं. लाथा मारल्या, गोटा मारला, दार सागाचं. शेजारीण म्हणे ठार बहिरा म्हातारा, कामाले बसला की बारापर्यंत उठत नाही. तिचा नवरा कुऱ्हाड आणायले धावला —

मायचा फोन आला, स्पीकर लावून ओट्यावर ठेवला. माय बोलून राहिली. म्हाताऱ्यानं नवा कागद घेतला. पोट्टा हाय म्हणते. हनवटी पाहिल्यासारखी —

माय नको पाहू

वच्छलाकाकू, हे तुमच्यासाठी लिहितो. इथली शेजारीण ही डायरी देईल. डोळे पुसू देऊ नका कोणाले. मायचा कागद चुलीपुढं लावा. माहा कागद तिच्या समोर —

उजवा डोळा गेला. ओळ अर्धीच दिसते. कुऱ्हाडीचा आवाज येते, दार अजून —

माय रडायची थांबली. म्हणते, आला रे तू. समोरच्याच भिंतीले. किती वाळला.

निळा चुना — लेकरू — चमकी दिसते वं माय, तुह्यी चमकी

तू इकडं पाहू नको —