मिटलेल्या ओठांची आई

दि. ४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. ही अक्षरं एरवी मी गाळते, पण आज खरोखरच विनंती आहे आणि ती विशेषही आहे.

मी काढलेलं आईचं चित्र तुझ्या शहरातल्या प्रदर्शनात लागलंय. शाळेत परीक्षा सुरू आहेत आणि माझ्यासारख्या चित्रकलेच्या बाईलाही वर्गावर पहाऱ्याला उभं केलंय, त्यामुळे मला येता येत नाही. तेव्हा ऑफिस सुटलं की तू तिथे जा, चित्राशेजारी अनोळखी माणसासारखा उभा राहा आणि लोक काय बोलतात ते कान टवकारून ऐक. त्या बाईचा तू मुलगा आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस, नाहीतर लोक तोंडदेखलं गोड बोलतील. तुझं नाक थेट आईचं आहे, म्हणून जरा पाठ करूनच उभा राहा.

तुझं डॉक्टरीणबाईंशी लग्न करण्याविषयीचं पत्र आईला वाचून दाखवलं त्याला आता बरेच दिवस झाले. त्या दातांचा दवाखाना चालवतात, त्यांचं एक लग्न मोडलंय, त्या तुझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहेत, हे सगळं तिने ऐकून घेतलं आणि वाकून शिलाई मशीनला तेल घातलं. तेव्हापासून, हे चित्र काढतानाही, रोज विचारते, पण ती हूं की चूं करत नाही. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण मलाच काळजी वाटतेय.

लोभ आहेच, या आठवड्यात सोबत थोडे कानही असू देत.

तुझी,
छोटी

दि. ११ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्यापायी मी रोज संध्याकाळी चोरासारखा भिंतीला टेकून उभा असतो. पहारेकऱ्याने दोनदा माझ्या पिशवीकडे संशयाने पाहिलं.

चित्रासमोर गर्दी असते, हे आधी सांगून टाकतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. काल एक गृहस्थ हात मागे बांधून बराच वेळ पाहत होते. या बाईवर मोठा अन्याय झालाय आणि तिने माफ न करायचं ठरवलंय, असं त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. बायको म्हणाली की छे, तिच्यासमोर कुणीतरी घसरून पडलंय आणि ती हसू दाबतेय. पुढच्या तीन चित्रांकडे न बघता ते दोघं भांडतच बाहेर गेले. कॉलेजच्या दोन मुलींचं मत पडलं की ही बाई प्रेमात आहे. मला ठसका लागला. एका जाड्या माणसाला ती भुकेली वाटली. शेवटी मी पहारेकऱ्यालाच विचारलं, कारण तो दिवसभर तिच्यासमोर बसतो. तो म्हणाला की सकाळी बाई बऱ्या असतात, पण बंद व्हायची वेळ आली की अजून घरी कसा गेला नाहीस असं विचारल्यासारखं बघतात.

छोटे, लोकांचं जाऊ दे. मला त्या चेहऱ्यावर स्वच्छ नकार दिसतो. हे तोंड मी लहानपणापासून ओळखतो. कुणाची काच फोडून घरी आलो की हेच तोंड दारात उभं असायचं. तिचं उत्तर मिळालं मला.

डॉक्टरलाही दाखवायला नेलं होतं. ती इतकी जवळ जाऊन पाहायला लागली की पहारेकरी खाकरला. तिचं म्हणणं असं की हा राग नव्हे, रागात जबडा कानाजवळ फुगतो, इथे तर तो सैल आहे. या बाईंनी ओठांत काहीतरी धरलंय, तिच्याकडचे पेशंट कापसाचा बोळा धरून असेच बसतात म्हणे. तिला जळी-स्थळी दातच दिसतात! पण परत येताना तिने सासरचा विषय काढला. पहिल्या सासरी तिला कधी कुणी आपलं म्हटलं नाही. जिथे मी नकोशी आहे अशा घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे तिने मला पहिल्यापासून सांगितलंय, आणि तिचं बरोबरच आहे. मग मी तिला कशाच्या भरवशावर घरी आणू? सुट्टीत मी येत नाही. येत्या रविवारी तिला सांगणार आहे की हे इथेच थांबवू.

आईला यातलं काही बोलू नकोस. तुझ्या कौतुकाला कमी पडलो असेन तर पदरात घे.

तुझा,
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,

नमस्कार गेला खड्ड्यात. डॉक्टरीणबाईंना अजून काही बोलला नसशील तर बोलू नकोस, बोलला असशील तर आत्ताच्या आत्ता जाऊन पाय धर.

अरे शहाण्या, त्या टाचण्या आहेत! आईला नुसतं समोर बसायला सांगून ती बसेल का? तिच्या शिलाईच्या दुकानातल्या कापायच्या टेबलाशी बसायला कशीबशी कबूल झाली, तीही मांडीवर कुणाचा तरी कोट आणि ओठांत टाचण्या घेऊन. मी पहिल्यांदा टाचण्यांसकट रंगवलं तर आपली आई साळिंदरासारखी दिसायला लागली. म्हणून टाचण्या पुसून टाकल्या आणि ओठ जसे होते तसे ठेवले. ओठ मला फार छान जमले होते रे! आता त्यावरून माझ्या भावाचं लग्न मोडतंय म्हटल्यावर मलाच रडू यायला लागलं.

आईला बोलू नकोस म्हणालास, पण मी तुझं पत्र तिला सगळंच्या सगळं वाचून दाखवलं. रागव खुशाल. भुकेली म्हटल्यावर तिला हसू आलं, प्रेमात आहे म्हटल्यावर त्या मुली कुठल्या कॉलेजच्या म्हणून विचारायला लागली. नकाराचं वाचलं तेव्हा मात्र हसली नाही. आणि कापसाच्या बोळ्यापाशी तिने मशीन थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. नंतर कोण म्हणालीस ही डॉक्टर, असं विचारलं, जसं काही तू आम्हाला दहा जणींविषयी कळवलं होतंस. पुन्हा खडखड सुरू.

हुरळून जाऊ नकोस. चेहऱ्यावरचा राग खोटा निघाला म्हणून होकार खरा ठरत नाही. पण तू त्या चित्रातल्या रागाच्या जोरावर निर्णय घेऊन बसला होतास, तेवढा तरी मागे घे.

माया पातळ होऊ देऊ नकोस, चूक माझी होती.

छोटी

दि. १७ मार्च

चि. छोटीस,

आशीर्वाद. रविवारी सांगायलाच गेलो होतो. पण कुणाची तरी दाढ ठणकत होती, तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि आतली दाढ निघेपर्यंत इकडे माझा धीर निघून गेला. कधी नव्हे तो माझा भित्रेपणा कामी आला.

काल पुन्हा चित्र पाहून आलो. तोच रंग, तेच ओठ, आणि आता आई मला हसतेय असं वाटलं. माझ्या डोळ्यांवरचा माझा विश्वास उडाला आहे. तूच तिला समोर बसवून विचार. जे असेल ते कळव, पण कळव. हात जोडतो.

तुझा,
दादा

दि. २० मार्च

चि. डॉक्टर हिस,

आशीर्वाद. वर काय लिहावं ते सुचेना म्हणून बराच वेळ पेन धरून बसले होते. श्रीमती लिहिलं तर वीजबिलाची तक्रार केल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी घरातल्या मुलांना लिहिते तेच लिहिलं. तू माझ्या मुलापेक्षा मोठी आहेस असं कळलं. माझ्यापेक्षा लहान आहेस ना, मग झालं.

त्या चित्रातली बाई रागावलेली नव्हती. खूशही नव्हती, खोटं कशाला सांगू? ती घाबरली होती. मुलगा लांब राहतोच, आता पुरता जाईल असं मनात यायचं. छोटी रोज उत्तर मागायची आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओठांत टाचण्या असल्या की कुणी बोलायला लावत नाही, म्हणून काम नसलं तरी त्या धरून बसायचे. इतकी माणसं येऊन गेली, पण तोंडात काहीतरी आहे हे तुला एकटीलाच दिसलं. माझ्या मुलाला दिसलं नाही, हे त्याला मुद्दाम सांग.

तुझ्या आधीच्या घराविषयी छोटीने वाचून दाखवलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या गप्प बसण्यानेही तुला तसंच वाटलं असणार, ते माझं चुकलं.

तुझ्यासाठी एक कोट शिवायचा आहे. मुलाने तुझ्याविषयीच्या पत्रात साधारण छोटीएवढी असं लिहिलं होतं. असल्या मापावर मी उशीची खोळही शिवत नाही. तूही पत्रातून माप पाठवू नकोस, समोर उभं राहिल्याशिवाय खांदा कळत नाही. प्रदर्शन संपलं की तो चित्र घेऊन घरी येईल, त्याच्याबरोबर ये. दवाखाना दोन दिवस बंद राहिला तर कुणाचे सगळे दात पडत नाहीत.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. आपली अजून भेट नाही, तेव्हा तो कुठून आणू? तू आलीस की सुरुवात करू.

आई