तोंडी परीक्षेतले नऊ गुण

४ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांनी आज रिपोर्ट हातात दिला. दोन वर्षं दुखणं अंगावर काढलं, त्याचं हे फळ! बारीक आवाज आधी गेलेत — इंग्रजीतले स, फ, थ. नुसत्या फुंकरीचे. आता हळू बोललेलंही कानापर्यंत पोचत नाही. एकवीस वर्षं कॉलेजात इंग्रजी उच्चार शिकवतेय, आणि माझ्याच कानांनी माझा विषय सोडला. हसावं की रडावं?

"यंत्र लावा," म्हणाले. लावलं की कॉलेजभर बोभाटा! तोंडी परीक्षा काढून घेतील माझ्याकडून. मग माझ्याकडे उरलं काय?

५ फेब्रुवारी

सांगितलं नाही. कुणालाच. घरीसुद्धा.

९ फेब्रुवारी

ओठ बघून निभावतेय. थ म्हणताना जिभेचं टोक दातांत दिसतं, फ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांखाली जातो. वर्गात चालून जातं. स्टाफरूममधल्या दाढीमिशांपुढे मात्र हात टेकले! विभागप्रमुखांचं तेवढं स्वच्छ कळतं — दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती झुपकेदार मिशी उडवली. किती चिडवलं होतं आम्ही! मीच सगळ्यांच्या पुढे.

१६ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा. वीस जण. मागच्या बाकावरची ती लाजरी मुलगी — काय उच्चार! जीभ, ओठ, सगळं जागच्या जागी. आवाज जरा लहान असावा. दहापैकी नऊ दिले. बाकी कुणालाच एवढे नाहीत.

१७ फेब्रुवारी

सकाळी तीच मुलगी दारात. बोलेना. चिठ्ठी पुढे केली — 'मॅडम, घसा पार बसलाय. काल आवाजच फुटला नाही, नुसते ओठ हलवले. तुम्ही दया करून गुण दिलेत, कळतं मला. पण असे नकोत. परत परीक्षा घ्याल?'

दया! तोंड कुठे लपवू असं झालं मला. पोरीला वाटतंय चूक तिची. "बरं," एवढंच म्हटलं. तिच्यात जे धाडस आहे ते माझ्यात नाही, याची फार लाज वाटली. दिवसभर चिठ्ठी पर्समध्ये होती.

१८ फेब्रुवारी

विभागप्रमुखांपुढे सगळं ओकून टाकलं — कान, ओठ, नऊ गुण. "परीक्षा काढून घ्या," म्हटलं.

ते उठले, तोंडावर खिडकीचा उजेड पडेल असे माझ्यासमोर उभे राहिले. सावकाश म्हणाले, "मॅडम, यंत्र लावा, आणि तिची परीक्षा तुम्हीच घ्या. दोन वर्षं वाट बघतोय. मला परत मिशी ठेवायची आहे!"