गादीवर बसल्यापासून

ती. स्व. आत्यास,

बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (आमच्या ऑफिसात आडवं पडण्याइतकी जमीन रिकामी नाही, तेव्हा नमस्कार मनाने आडवा समजावा.) तुझे गुडघे काय म्हणतात? आणि काकांना ऐकू येत नाही की ते ऐकत नाहीत, याचा डॉक्टरांनी काही निकाल दिला का? मी ठणठणीत आहे. वजन वाढलंय, पण ते हुद्द्याबरोबर वाढतंच म्हणतात.

परवा फोनवर तू विचारलंस, "तू हल्ली नक्की करतेस तरी काय?" आणि उत्तर ऐकायच्या आत तुझं दूध उतू गेलं. म्हणून सविस्तर लिहिते. माझा धंदा जनसंपर्काचा. म्हणजे गिऱ्हाइकाच्या चांगल्या गोष्टी पेपरवाल्यांना कळवायच्या आणि बाकीच्या कळल्याच तर हसतमुखाने उभं राहायचं. (बाबा ओळख करून देताना "ही लोकांचं कौतुक करते" एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.) इतकी वर्षं हे मी एकटी, जेवणाच्या टेबलावर करत होते. मीच मालकीण, मीच शिपाई. रजेचा अर्ज मीच करायची आणि मीच नामंजूर करायची. मग कामं वाढली, टेबलावर जेवायला जागा उरेना, तेव्हा चष्म्याच्या दुकानावर एक खोली घेतली, दोन माणसं नेमली आणि दारावर पाटी लावली. पाटीवर माझ्या नावाखाली "संस्थापक व संचालक" असं आहे. पहिले काही दिवस मी आत जाताना जरा रेंगाळूनच जात असे.

माणसं दोन. एक बाई, आयुष्यभर बातमीदारी करून आमच्याकडे आलेल्या. कुठलीही कल्पना मांडली की "चालणार नाही" हे त्यांचं पहिलं वाक्य, म्हणून त्यांना सगळे नकारघंटा म्हणतात. (तोंडावर म्हणतात. त्यांना आवडतं.) दुसरा मजकूर लिहिणारा. तो पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीतही यमक आणतो, म्हणून कविराज. दोघंही कामाला वाघ. पण आत्या, वाघ पाळले तरी मी शिकारीला स्वतःच जात होते, त्याला काय करणार? कविराजने लिहिलेला मजकूर मी तपासायला घ्यायची आणि तपासून झाला की त्यात त्याचे फक्त "आणि" उरायचे. शेवटी नकारघंटा म्हणाल्या, "बाई, आम्हाला काय शोभेला ठेवलंय?" मला ते लागलं. मी रीतसर बैठक घेतली, कामं वाटून दिली, आणि घरी जाऊन वाटलेली सगळी कामं करून टाकली. त्यांनीही ती केलेली होतीच. त्यामुळे एका कार्यक्रमाची दोन आमंत्रणं गेली. एक माझं, आणि एक यमकात.

तो कार्यक्रम म्हणजेच या पत्राचं रामायण. आमचं गिऱ्हाईक गाद्यांचे कारखानदार. भला माणूस, दिसायलाही त्यांच्याच मालासारखा. त्यांनी नवी गादी काढली होती आणि ती पेपरवाल्यांना दाखवायची होती. पत्रकार परिषद चांगली झाली तर वर्षभराचं काम आमचं. नाही झाली, तर दोघांपैकी एकाला नारळ द्यावा लागणार होता, आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं. त्यामुळे कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही असं मी ठरवलं. खुर्च्या मी लावल्या. पाण्याचे ग्लास मी पुसले. ध्वनिव्यवस्थेच्या माणसालाही "तुम्ही चहा घेऊन या, मी बघते" म्हणून पिटाळलं आणि त्याच्या बटणांसमोर जाऊन बसले.

सुरुवात झकास झाली. कारखानदार कोटाला माइक लावून गादीजवळ उभे राहिले, पाठीच्या कण्याबद्दल इतकं हळवं बोलले की पुढच्या रांगेतल्या एकाने ताठ बसून घेतलं. मग एका तरुण पत्रकार मुलीने त्यांच्या सौभाग्यवतींना सहज विचारलं, "काकू, साहेब घरी हीच गादी वापरतात का?" काकूंनी हातात माइक घेतला आणि म्हणाल्या, "हे? छे! हे खाली सतरंजीवर झोपतात. कारण..."

आत्या, मी काकूंच्या माइकचं बटण खाली ओढलं. विचारबिचार काही नाही, विस्तवावर पाय पडल्यावर उचलतो ना, तसं. काकूंचे ओठ हलत राहिले, आवाज शून्य. सभागृहात अशी कुजबुज सुरू झाली, की एवढा रस गादीत कोणी दाखवला नव्हता.

मी चहाची सुट्टी जाहीर केली आणि सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं. कारखानदार घामाघूम. मी फेऱ्या मारत कविराजला खुलासा सांगू लागले, की सतरंजी ही साहेबांची साधी राहणी आहे, कामगारांविषयीची आपुलकी आहे, वगैरे. मी देशसेवेपर्यंत पोचणार इतक्यात नकारघंटा म्हणाल्या, "चालणार नाही." मग काकूंकडे वळून त्यांनी विचारलं, "काकू, कारण काय?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

"अहो, कारण काय असायचंय!" काकू म्हणाल्या. "त्या गादीवर पाठ टेकली की यांना मेल्यासारखी झोप लागते, आणि झोप लागली की असे घोरतात की कपाटाची दारं वाजतात. म्हणून यांना खाली पाठवते. गादीवर मी झोपते. मस्त झोप लागते."

"हेच सांगायचं," नकारघंटा म्हणाल्या.

"अजिबात नाही," कारखानदार म्हणाले. "कारखान्यात तोंड कसं दाखवू?"

"तुम्ही काही बोलूच नका," काकू म्हणाल्या. "तुम्ही पडा गादीवर. मी सांगते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संचालक ना मी! मला शंभर शंका होत्या. मी फक्त "बरं" म्हणाले. (हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत लहान आदेश.)

चहानंतर सभागृहात काकू माइक घेऊन उभ्या राहिल्या आणि जसं आम्हाला सांगितलं तसंच सांगितलं. कारखानदार डोळे मिटून, शरमेने लाल होऊन पडून होते. बिचारे काळजीने कित्येक रात्री झोपले नव्हते. काकू कपाटाच्या दारांपर्यंत आल्या आणि कोटावरच्या माइकमधून एक आवाज आला. आधी वाटलं बाहेर कोणी टेबल ओढतंय. दुसऱ्या खेपेला खात्री पटली. माझा हात बटणाकडे गेला, तर नकारघंटांनी बटणांवर आपली भलीमोठी पर्स ठेवली आणि पुटपुटल्या, "हातावर बसा." मी खरंच दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. लोक एवढे हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि मी धंद्याची मालकीण, काहीही न करता बसले होते. इतकं कष्टाचं काम मी आजवर केलेलं नाही.

टाळ्यांनी साहेब जागे झाले आणि म्हणाले, "संपले का प्रश्न?"

दुसऱ्या दिवशी घोरणाऱ्या साहेबांचा आणि शेजारी माइक घेतलेल्या काकूंचा फोटो सगळीकडे. वर्षभराचं काम आमचं झालं. फक्त काकूंचा निरोप आला, की पुढच्या वेळी ती माइक बंद करणारी बाई नको, ती घंटा की कोण, तिला पाठवा. मी न्हाणीघरात जाऊन थोडी रडले, मग थोडी हसले. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "गिऱ्हाईक मालकाला सोडून त्याच्या माणसाला बोलवायला लागलं, की दुकान उभं राहिलं समजावं." माझ्या धंद्याला ते दुकान म्हणाले, आत्या! "लोकांचं कौतुक करते"च्या पुढे गेले पहिल्यांदाच.

काकांना नमस्कार (जरा मोठ्याने). उत्तर टाक.

तुझी भाची,
पाटीवरची संचालक

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. मी आठवडाभर तुझ्याकडे येऊ का? ऑफिसात मतदान झालं. मी रजा घ्यावी या बाजूने दोन, विरुद्ध एक. मी पूर्ण विश्रांती घेणार आहे, कामाला हातही लावणार नाही.

ता. क. २ : तुमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात हल्ली गर्दी दिसत नाही म्हणालीस ना? त्याला प्रसिद्धीची वगैरे गरज आहे का? सहज विचारतेय.

ता. क. ३ (वेगळ्या हस्ताक्षरात) : आदरणीय आत्याबाई, पत्र टाकायला आमच्याकडे दिलं, म्हणून वाचलं. शिंप्याला कृपया आधीच सावध करा. आठवड्याऐवजी दोन आठवडे ठेवून घेता आलं तर उपकार होतील, पण नंतर नक्की परत पाठवा. बाई आम्हाला हव्याच आहेत. फक्त थोड्या कमी.